सोलापूरला येताय? पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न आणि एका सोलापूरकराची उत्तरं

संक्रांत जवळ आली की आमच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरायला लागतात. कुणी भावाचे मित्र, कुणी बायकोच्या ऑफिसातले. स्टेशनवरून घरी येईपर्यंत रिक्षातच प्रश्न सुरू होतात आणि दरवर्षी तेच असतात. गेल्या वर्षी बायको म्हणाली, एकदाचं लिहून काढा आणि यायच्या आधीच पाठवून द्या, म्हणजे भाकरी थापताना मला तरी जरा शांतता. म्हणून हे लिहितोय.

सोलापुरात बघण्यासारखं आहे तरी काय?

हे विचारणाऱ्याला आम्ही आधी चहा पाजतो. भुईकोट किल्ला आहे, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आहे, वारदांचा इंद्रभुवन वाडा आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं जन्मघर आहे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, ते कोटणीस. ही यादी मनावर घेतली तर एका दिवसात उरकते, आणि मग पाहुणे संध्याकाळी पाच वाजता सोफ्यावर बसून मोबाईल बघतात.

आमचं गाव बघण्यापेक्षा ऐकण्याचं आहे. एकाच भाजीवालीशी पुढचं गिऱ्हाईक कन्नडमध्ये बोलतं, मागचं तेलुगूत, तिसरं दखनीत, आणि ती हिशोब मराठीत सांगते. हे गाव पाहुण्यांसाठी सजून बसलेलं नाही, ते आपल्या कामात असतं. म्हणून इथे येणाऱ्याने कुणाच्या कामात आणि कुणाच्या देवधर्मात आपण मध्येच उभे तर नाही ना, एवढं बघितलं तरी निम्मे प्रश्न सुटतात. उरलेले निम्मे खाली.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा दुपारी बारा ते चार आम्ही स्वतः बाहेर पडत नाही, तुम्हाला कुठे फिरवणार?

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेत बाहेरच्या माणसाने गेलं तर चालतं का?

चालतं, आनंदाने या. पण ती काय आहे हे ठाऊक करून या. ‘गड्डा’ म्हणजे होम मैदानावरची जत्रा, पाळणे आणि भजी, इतकंच समजून येणारे जत्रा बघून जातात आणि यात्रा त्यांची राहूनच जाते.

सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले. तेव्हा या गावाचं नाव सोन्नलगी. त्यांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. आख्यायिका अशी, की एका कुंभाराच्या मुलीला त्यांच्याशी लग्न करायचं होतं. ते विरक्त, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. ते लग्न आम्ही दर संक्रांतीला लावतो. योगदंडाचं प्रतीक म्हणजे नंदीध्वज: उंच, सजवलेले बांबू, एकूण सात. त्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे आहे. मिरवणूक निघते हिरेहब्बूंच्या वाड्यापासून.

साधारण १३ ते १७ जानेवारी असे हे दिवस. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन, म्हणजे अडुसष्ट लिंगांना तेलाचं स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता. तिसऱ्या दिवशी होम, चौथ्या दिवशी शोभेचं दारूकाम, शेवटी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रं उतरवणं. ‘यण्णी’ म्हणजे कन्नडमध्ये तेल. ही नावं ऐकून पाहुणे गोंधळतात, पण कळली नाहीत तर विचारा. कुणीही उभं राहून सांगेल, आणि बहुतेक जण सांगताना तुमचा अर्धा तास घेतील.

अक्षतेचं म्हणाल तर एकदा तरी अनुभवावं असंच आहे. कट्ट्यावर संमती, म्हणजे या लग्नाची मंगलाष्टकं, वाचली जाते ती कन्नडमध्ये. खाली उभ्या असलेल्या लोकांपैकी कितीतरी जणांना त्यातला शब्दही कळत नसतो. माझ्या आईला आयुष्यभर कळला नाही. पण ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ आलं की हात आपोआप वर जातो आणि पुढच्याच्या डोक्यावर अक्षता पडतात. मागच्याच्या आपल्या मानेवरून सदऱ्यात शिरतात. रात्री कपडे झटकताना फरशीवर तांदूळ सांडतात, ते घरातलं लहान पोर वेचतं.

आता पथ्यं. पांढऱ्या बाराबंदीतले जे लोक ध्वज पेलत असतात, त्यांच्या पुढ्यात जाऊन फोटो काढायचा नाही. तो उंच बांबू एक माणूस कमरेपाशी तोलून चालतो, त्याची नजर वर शेंड्याकडे असते. तुम्ही त्याला दिसतच नाही. काही वर्षांपूर्वी माझाच एक मामेभाऊ व्हिडिओ घेत मागे-मागे सरकत रांगेत शिरला. शेजारच्या आजोबांनी त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘पाव्हणं, लग्न आमच्या घरचं हाय, जरा कडंला ऱ्हावा.’’ भाऊ इतका ओशाळला की पुढे दोन तास त्याने मोबाईल खिशातून काढला नाही. आणि रात्री घरी आल्यावर सगळ्यात जास्त तोच बोलत होता.

वाटेवर घातलेल्या रांगोळ्या तुडवू नका. ध्वज त्यावरून जायचा असतो, तुम्ही नव्हे. ध्वजाला हात लावून नमस्कार करायचा असेल तर तो थांबल्यावर, पायातलं काढून. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ असा पुकारा झाला की तुम्हीही ‘हर्र’ म्हणा. त्याला कुणी जात-धर्म विचारत नाही.

होमाच्या रात्री वासराची भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य वगैरे मांडतात, आणि ते काय करतं त्यावरून पाऊस-पाण्याचं, महागाईचं भाकीत सांगतात. तुमचा विश्वास नसेल तर नसू दे, माझाही फारसा नाही. पण शेजारी उभा असलेला शेतकरी कान देऊन ऐकत असतो, त्याच्या देखत हसू नका.

एरवी सिद्धेश्वर मंदिरात काय पाळायचं?

जे कुठल्याही देवळात पाळता तेच. सिद्धरामेश्वर महाराजांची समाधी इथेच आहे, तिथे आवाज खाली ठेवा. तळ्यात निर्माल्याच्या पिशव्या टाकू नका. हे तळं महाराजांनी लोकांच्या श्रमदानातून खणून घेतलं असं आम्ही मानतो.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगतो. लिंगायत माणसाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. ते दागिना समजून ‘बघू बघू’ म्हणत हात पुढे करणारे पाहुणे मी पाहिलेत. इष्टलिंगाला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. विचारलंत तर त्याबद्दल सांगतील, उघडून दाखवा म्हणू नका.

बोलायचं कुठल्या भाषेत? आणि ते ‘बे’ म्हटलं तर चालतं का?

मराठी सगळ्यांना येते. तुम्ही मात्र मराठीतच बोला हो, उगाच हिंदीवर घसरू नका. समोरच्याचं मराठी तुमच्यासारखं नसलं म्हणजे त्याला मराठी येत नाही असं नसतं. पूर्व भागातला तेलुगू विणकर तीन-चार पिढ्या इथला आहे. त्याच्या मराठीत तेलुगूचा हेल आहे, माझ्या मराठीत कन्नडचा आहे. ‘‘काय करलालास?’’ ‘‘येऊलालो की’’ हे आमचं रोजचं बोलणं आहे. त्याची नक्कल करून दाखवणारा पाहुणा पहिल्यांदा गमतीदार वाटतो, तिसऱ्यांदा नाही.

‘बे’चं सोपं आहे. तुमच्या बरोबरीचा, तुमच्या खांद्यावर हात टाकणारा मित्र असेल तर ‘बे’. इतर कुणालाही नाही. रील बघून आलेला एक मुलगा रिक्षावाल्याला ‘‘स्टेशनला येतो का बे?’’ म्हणाला. रिक्षावाला वयाने त्याच्या वडिलांएवढा. तो काही बोलला नाही, नुसती मान हलवून निघून गेला, आणि मागच्या दोन रिक्षाही थांबल्या नाहीत. अनोळखी माणसाला इथे ‘मालक’ म्हणतात. दुकानदारही मालक, गिऱ्हाईकही मालक, रिक्षावालाही मालक. मोठ्या माणसाला अण्णा किंवा अप्पा, बाईला अक्का, म्हातारीला अव्वा. एवढ्यावर चार दिवस सहज निघतात.

आणखी हवं असेल तर कन्नड घरात ‘शरणु’ म्हणा. ‘‘ऊटा आतेन्री?’’ म्हणजे जेवण झालं का. तेलुगू घरात ‘‘बागुन्नारा?’’ म्हणजे बरे आहात ना. उच्चार चुकेल, सगळे हसतील, आणि चहाच्या जागी पोहे येतील.

लोक आडनाव का विचारतात?

विचारतात खरे. कधी त्यामागे नुसती ओळख काढायची हौस असते: आडनावावरून पेठ, पेठेवरून नातेवाईक, आणि शेवटी ‘‘मग तुमची आत्या आमच्या चाळीत होती की!’’ कधी दुसरंही असतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सांगायचं नसेल तर गावाचं नाव सांगून विषय बदला, कुणी मागे लागत नाही. तुम्ही मात्र उलट कुणाला ‘‘म्हणजे तुम्ही नक्की कोण?’’ असं विचारू नका.

यंत्रमाग आतून बघता येतात का?

येतात, पण ते कारखाने आहेत, प्रदर्शन नव्हे. पूर्व भागात, साखर पेठ, अशोक चौकाच्या बाजूला घराला लागून माग असतात. दारात उभं राहून ‘‘मालक, आत येऊ का?’’ विचारा. दहापैकी सात जण या म्हणतील. उरलेल्या तिघांची ऑर्डर अडकलेली असेल, त्यांना सोडून द्या.

आत गेल्यावर पहिला धक्का आवाजाचा बसतो. धोटा इकडून तिकडे आपटत असतो, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. कामगार एकमेकांशी हातवारे करून बोलतात: दोन बोटं वर म्हणजे एक काही, तळहात हलवला म्हणजे दुसरं काही. पंखा असला तरी लावत नाहीत बऱ्याचदा, कारण सुताचा भुगा उडतो. तो भुगा भुवयांवर बसतो, म्हणून तिशीतला माणूसही पांढऱ्या भुवयांचा दिसतो. वर जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचे, भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते माळेसारखे फिरत असतात. त्या भोकांवरून खाली मोर उमटतो की फुलं, ते ठरतं. कोपऱ्यात एखादी बाई कांड्या भरत असते, आणि तिच्या शेजारी पोर अभ्यास करत बसलेलं असतं.

ओढणी, मोकळे केस, लोंबणारा कॅमेऱ्याचा पट्टा आवरून घ्या. चालत्या मागाला हात लावू नका. कामगाराला थांबवून ‘इकडे बघा’ म्हणू नका. कित्येक ठिकाणी मजुरी नगावर असते, तुमच्या फोटोसाठी थांबलेला माग म्हणजे त्याचे बुडालेले पैसे. मुलाचा फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात काढू नका. निघताना काही विकत घेतलंत तर उत्तम. नाही घेतलंत तरी मालकाला आणि कामगारालाही ‘येतो’ म्हणून निघा. मालकाशी हस्तांदोलन आणि कामगाराकडे पाठ, हे फार दिसतं.

श्रावणात नारळी पौर्णिमेला इथल्या पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव निघतो. त्या दिवशी पूर्व भागात असाल तर माग बंद आणि रस्ता भरलेला असेल. नवरात्रात बायका बतुकम्मा मांडतात, फुलांचे थर रचून त्याभोवती फेर धरतात. फेरात बोलावलं तर जा. न बोलावता घुसू नका.

विडी कामगार बायकांचे फोटो काढले तर?

मी तरी नको म्हणेन. उंबऱ्यावर सूप घेऊन विड्या वळणारी बाई ‘छान फ्रेम’ वाटते, पण ती तिच्या घरात बसलेली असते. बोला, बसा, तिने होकार दिला तर काढा. ‘‘किती पैसे मिळतात हो?’’ हा पहिला प्रश्न नसावा.

खरी सोलापुरी चादर कशी ओळखायची? घासाघीस करू का?

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तरीही दुसरीकडे विणलेला हलका माल आमच्या नावाने खपतो, अगदी आमच्याच स्टेशनबाहेरही. मी स्वतः एकदा घाईत घेतलेली चादर पहिल्या धुण्यातच रंग सोडून बसली, आणि शेजारचे तीन टॉवेल गुलाबी झाले. हातात घेऊन वजन बघा. चांगली चादर जड आणि घट्ट विणीची असते. नक्षी छापलेली नसून विणलेली असते, म्हणून उलटी करून बघितली की मागच्या बाजूला तीच नक्षी उलट रंगात दिसते. धुऊन धुऊन ती मऊ होते, विरत नाही. आमच्या घरी माझ्या लग्नातली अजून आहे.

घासाघीस रस्त्यावरच्या दुकानात थोडी चालते. विणकराच्या दारात जाऊन ‘ऑनलाइन याहून स्वस्त मिळते’ म्हणू नका. त्याला ते माहीत आहे.

खायचं काय?

कडक भाकरी आणि शेंगा चटणी. ज्वारीची पातळ भाकरी भाजून वाळवलेली, पापडासारखी कडक, महिनाभर टिकते. पाहुणे ती बिस्किटासारखी कोरडी चावतात आणि मग पाणी पाणी करतात. ताटात घ्या, मुठीने चुरा, वरून वाटीभर आमटी किंवा दही ओता, चटणी बाजूला, कांदा हाताने फोडा. थोडी मऊ, थोडी कुरकुरीत असतानाच खायची, पूर्ण भिजू द्यायची नाही. संक्रांतीला आलात तर भोगीची मिसळभाजी, बाजरीची भाकरी आणि शेंगा पोळी. लिंगायत घरात हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची खीर, मिळाली तर वाटी परत पुढे करायला लाजू नका.

मटणवाल्यांसाठी खानावळी भरपूर, झणझणीत. रमजानात विजापूर वेशीत मीना बाजार भरतो, तिथे संध्याकाळी जरूर जा. फक्त रोजा सुटायच्या आधी लोकांच्या तोंडासमोर उभं राहून खाऊ नका.

कुणी घरी जेवायला बोलावलं तर एकदा ‘कशाला त्रास’ म्हणायचं, दुसऱ्यांदा म्हणायचं नाही. अंडं-मटण त्या घरात चालतं की नाही, ते आधी कळून घ्या. बाहेरून काही बांधून नेऊ नका. ताटात वाढलेलं टाकणं इथे फार लागतं. ज्वारी पिकवणारा जिल्हा आहे, आणि पाऊस कमी. तेव्हा ‘थोडंच वाढा’ हे वाढताना म्हणा, नंतर नव्हे.

त्या चार पुतळ्यांची गोष्ट काय?

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं. इंग्रजांनी इथे मार्शल लॉ पुकारला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. नुसती आडनावं वाचली तरी गाव कळतं. पुण्याहून येणारी हुतात्मा एक्सप्रेस यांच्याच नावाची. गाडीत बसताना बहुतेकांना ते ठाऊक नसतं. १२ तारखेला पुतळ्यांना हार घालायला माणसं येतात, आणि दुसऱ्याच दिवशी यात्रा सुरू होते. पुतळ्याला टेकून सेल्फी काढणाऱ्याला इथे कुणीही हटकतं, शाळेतलं पोरसुद्धा.

किल्ल्यात काही पथ्य?

बहामनी काळातला भुईकोट आहे, पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात. दगडावर बदाम कोरू नका. तटावरून तळ्याकडे बघत बसा.

मिरवणुकांमध्ये नाचलं तर?

गणपतीत लेझीम बघा, सोलापूरचा लेझीम म्हणजे काही औरच. पथक महिनाभर सराव करतं, म्हणून त्यात मध्येच उडी घेऊ नका, कडेने ताल धरा. आंबेडकर जयंती, बसव जयंती, शिवजयंती, सगळ्याच इथे मोठ्या होतात. पाणी-सरबत वाटणारे तुम्हाला हाताला धरून पेला देतील, नाही म्हणू नका. आवाजाबद्दल विचाराल तर माझं मत मी घरात बोलतो.

कोजागिरीला तुळजापूरला चालत जावं का?

त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला माणसांचा लोंढा चालत जातो, अंतर पंचेचाळीस किलोमीटर. सवय नसेल तर पाच किलोमीटर चाला आणि परत या. वाटेत फराळ वाटणाऱ्यांकडून घेतलेला द्रोण रस्त्यात टाकू नका. मागून येणारे अनवाणी असतात.

पाणी?

नळाला रोज येत नाही. उजनीसारखं धरण जिल्ह्यातच असून हे असं, त्यावर आम्हाला बोलायला लावू नका, दिवस जाईल. लॉजमध्ये असलात तरी अंघोळ बादलीने करा. कुणाच्या घरी उतरला असाल तर पाणी येण्याच्या दिवशी सकाळी बाथरूम अडवू नका. तेव्हा घरातलं प्रत्येक पातेलं भरायचं असतं.

एका दिवसात सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर होईल का?

होईल. सोलापूर सोडून.

जाताना काय न्यावं?

शेंगा चटणी उखळात कुटलेली घ्या, मिक्सरची नको. कुटलेलीला तेल सुटतं, बोटाला चिकटते. दुकानदार चाखायला देईल, तळहातावर घ्या. कडक भाकरी कपड्यांच्या वरच्या थरात ठेवा, नाहीतर घरी पोचेपर्यंत चुरा. आणि चटणीची पिशवी चादरीच्या घडीत ठेवू नका. तेलाचा डाग चादरीवरून जात नाही.